सात्यांच्या जंगलात ओ देऊ नये

सात्या आल्या बाजारात. या वर्षी आल्या नसत्या तरी चाललं असतं, असं त्या दिसल्याबरोबर मला झालं. गडचांदूरच्या बसस्टँडजवळ, जिथं एरवी वांगीवाले बसतात, तिथं जिवतीच्या डोंगराकडून उतरलेल्या दोन बाया पळसाच्या पानांवर वाटे मांडून बसल्या होत्या. मातकट पांढऱ्या सात्या, बुडाला लाल माती, काही छत्रीसारख्या उघडलेल्या, काही अजून मिटलेल्या. मी आधी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मग थांबले आणि परत आले. वास आला होता ना. त्या वासापुढं माझं काही चालत नाही, कधीच चाललं नाही.

बाहेरची माणसं याला मशरूम म्हणतात आणि ते प्लास्टिकच्या डबीत बंद करून विकतात. आमच्याकडे सात्या. गडचिरोलीच्या काही गावांत टेकोडे. आणि आमच्या गावात सात्या विकत घेणं म्हणजे नाक कापून घेणं होतं. ज्या घरातली बाई आजारी, नाही तर आळशी, त्या घरानं विकत घ्याव्यात. माय असती शुद्धीत तर तिनं मला दारातच उभं केलं असतं आणि विचारलं असतं, पाय मोडले का तुये, म्हणून.

माय इथं माझ्या घरातच होती. शुद्धीत होती की नव्हती, हे मला सांगता यायचं नाही. डॉक्टर त्या आजाराचं एक लांबलचक नाव घेतात, मी त्याला विसर म्हणते. दोन वर्षांपासून ती विसरत आली आहे. आधी चष्मा, मग वार, मग बाबा वारले ते. हे सगळं मी गिळलं. पण या भादव्यात तिनं तोंडच मिटून घेतलं. बोलायलाही आणि जेवायलाही. पाणी तेवढं प्यायची, तेही आम्ही खोलीबाहेर गेल्यावर, तांब्यातलं. घास पुढं केला की ओठ घट्ट. जबरदस्ती केली की दात. डॉक्टर म्हणाले, शनिवारपर्यंत बघा, नाही तर घेऊन या, नाकातून नळी घालू. मी नळी घातलेली माणसं पाहिली आहेत. हात बांधून ठेवतात त्यांचे, ओढून काढतात म्हणून. माझ्या मायचे हात. मी शुक्रवारी बाजारात उभी होते आणि सात्या बघून मला वाटलं, हे शेवटचं. याला ती नाही म्हणाली तर मग माझ्याजवळ काहीच नाही.

आरमोरीच्या पुढं, धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल लागतं, तिथं मायचं घर. म्हणजे माझंही. रोवणी झालेली असायची, धान हिरवागार उभा, बायांच्या कंबरा जरा सरळ झालेल्या. पोळा होऊन गेलेला. दोन दिवस पाऊस आणि मधेच एक दमट, कोंदट, अंग चिकचिक करणारी उघडीप आली की माय अंगणात उभी राहून नुसतं नाक वर करायची. उद्या जायचं, असं ती कोणाला सांगायची नाही. पण संध्याकाळी दुरडी खाली काढून ठेवलेली दिसली की मला कळायचं. मग मला झोप यायची नाही.

उजाडता उजाडता आम्ही निघायचो. शेजारपाजारच्या बायाही त्याच वेळी निघायच्या, पण आपण शेतात चाललो असं तोंडावर ठेवून. कोणाला सात्यांची जागा कोणी सांगत नसे. जिवाभावाच्या मैत्रिणी, एकमेकींची बाळंतपणं केलेल्या, पण सात्यांनी वारूळ कुठं फुटलं ते सांगणार नाहीत. कुठी भेटल्या वं, असं विचारलं की हनुवटी वर करून जंगलाकडं दाखवायचं. तिकडं. आता तिकडं म्हणजे सगळं जंगलच तिकडं. यावरून हसणं व्हायचं, टोमणे व्हायचे, आणि संध्याकाळी त्याच बाया एकमेकींच्या घरी वाटीभर भाजी पाठवायच्या. मला हे लहानपणी फार लबाडीचं वाटायचं. आता वाटतं, जागा लपवत होत्या, भाजी नव्हत्या लपवत.

जंगलात शिरलं की माय बदलायची. घरी एक क्षण गप्प न बसणारी बाई, तिथं पाय टाकायची तोही आवाज न करता. सागाची पानं पावसानं भिजून मऊ पडलेली, ऐनाच्या खोडांवरून पाणी ओघळतं आहे, बांबूच्या बेटात काहीतरी सारखं टपटपतं आहे. उजेड हिरवा. माझे पाय गार पडलेले आणि डोकं घामानं ओलं. वारूळ दिसलं की माय आधी लांबूनच त्याच्याभोवती एक चक्कर मारायची. वारुळाच्या उतारावर खिळ्यांच्या डोक्यांसारख्या कळ्या वर आलेल्या असायच्या, कधी एखाद-दुसरी, कधी अख्खं वारूळ पांढरं. ती खाली बसायची, पदर खोचायची, आणि एकेकीच्या मुळाशी बोट घालून अशी हलकेच काढायची की मातीला कळू नये. पहिली काढलेली वारुळावरच ठेवायची. कोणासाठी, विचारलं तर म्हणायची, ज्याचं घर आहे त्याच्यासाठी.

आणि तिचे नियम. घरी तिला कोणी विचारायचं नाही, बाबांचा शब्द शेवटचा असायचा. जंगलात मात्र सगळं तिचं. त्यातला सगळ्यात मोठा नियम नावाचा होता. जंगलात कोणाचं नाव घ्यायचं नाही. वाघाचं तर नाहीच, पण माणसाचंही नाही. एकमेकींना हाक द्यायची तर कूऽऽ करायचं, आणि उत्तरही कूऽऽ असंच द्यायचं. कारण जंगलात चकवा असतो. तो माणसाला वाट विसरायला लावतो, त्याच त्याच झाडाभोवती फिरवतो, आणि मग आपल्याच माणसाचा आवाज काढून आपल्याच नावानं हाक मारतो. त्याला ओ दिली की संपलं. तेव्हा वाट चुकली तर काय करायचं, तर जाड खोड बघून त्याला पाठ लावून बसायचं, पाय जवळ ओढून घ्यायचे, पदर नाही तर ओढणीचं टोक दातांत धरायचं, म्हणजे चुकूनही तोंडातून ओ निघायची नाही. नाव घेऊन बोलावणाऱ्याच्या हातचं खायचं नाही, प्यायचं नाही. वारुळापाशी बसून माती काढता काढता ती हे सांगायची, आणि मी मान हलवायची. जंगलाच्या नियमांपुरती मी फार आज्ञाधारक पोर होते. तेच नडलं.

सातवीत होते की आठवीत, ते आता नक्की आठवत नाही. तो भादवा फार ओला होता. ओढे भरलेले. मी आदल्याच दिवशी घेतलेली नवी चप्पल घालून जंगलात निघाले होते, मायनं कानीकपाळी ओरडूनही. एका वारुळावर माय बसली, आणि मला थोड्या अंतरावर दुसरं दिसलं. तिथून तिसरं. मान वर केली तेव्हा माय नव्हती. मी कूऽऽ केलं. ओढ्याचा आवाज एवढा मोठा होता की माझं मलाच ऐकू आलं नाही. तिनंही केलं असेल, मला नाही आलं. मग मी पळाले, आणि पळायला नको होतं. एक चप्पल चिखलात राहिली. ती शोधायलाही थांबले नाही. शेवटी एक जाडजूड मोहाचं झाड बघितलं, पाठ लावली, पाय जवळ घेतले आणि ओढणीचा बोळा तोंडात धरून बसले.

आणि मग हाक आली. सुनंदाऽऽ. मायच्या आवाजात.

तेव्हा माझ्या अंगावर जो काटा आला तो आजही येतो. कारण माझी माय जंगलात माझं नाव घेणं शक्यच नव्हतं. दुसरी कोणी बाई घेईल, पण माय? मग ही कोण? आवाज जवळ आला, लांब गेला, पुन्हा जवळ आला. सुनंदे, अवं सुनंदे, माये माय, ओ दे वं. रडत होता तो आवाज. मी डोळे मिटून घेतले. मायनं सांगितलं होतं तस्सं होत होतं सगळं, आपल्या माणसाचा आवाज, आपलं नाव, आणि वर रडणं. मी झाडाला इतकी चिकटले की पाठीवर सालीचे वळ उठले. ती माझ्यापासून बांबूच्या एका बेटाएवढ्या अंतरावरून गेली. मला तिचं लुगडं दिसलं, आणि मला वाटलं, यानं लुगडंसुद्धा घेतलं मायचं.

आता मी स्वतः आई आहे, म्हणून त्या दुपारची दुसरी बाजू मला दिसते. जिनं नियम केला तिनंच तो मोडला होता. कूऽऽ करून करून तिचा घसा बसला असेल, आणि मग एका क्षणी तिला नियम, चकवा, जंगल काही उरलं नसेल. फक्त नाव उरलं असेल. आणि ज्या नावानं मला घरात, शेतात, विहिरीवर हाक मारली तर मी धावत जायची, त्याच नावानं मी तिच्यापासून लपत होते. ती जितकी जिवाच्या आकांतानं बोलवत होती, तितकी मी मुकी होत होते.

सुटका झाली ती चपलेमुळं. तिला चिखलात माझी चप्पल सापडली. आणि तिच्या तोंडातून जे सुरू झालं ते मी इथं अर्धंही लिहू शकत नाही. मुडदा बशिवला या पोरीचा, कुठी मेली ही भवानी, कालच बजारातून नवी घेऊन देल्ली चप्पल, नोको घालू म्हटलं, आयकत नाई, बापावर गेली आहे, बापही असाच. माझ्या बापाच्या खानदानापर्यंत ती पोचली. आणि मी ओढणी तोंडातून काढली. चकव्याला काय माहीत चपलेचं? मी झाडामागून म्हणाले, "एक आहे ना पायात." तिनं आधी मला त्याच चपलेनं मारलं. मग धरलं ते असं धरलं की मला श्वास घेता येईना. घरी जाईस्तोवर तिनं माझं मनगट सोडलं नाही. बाबांना तिनं हे कधीच सांगितलं नाही. त्या दिवशीच्या सात्या आम्ही कुठं टाकल्या, कोणी खाल्ल्या, काही आठवत नाही.

इथं गडचांदूरला जंगल नाही. म्हणजे आहे ते लांब, डोंगरावर. इथं सिमेंटचे कारखाने, चुनखडीच्या खाणी, आणि पानांवर राखाडी धूळ. दुपारी खाणीत सुरुंग उडतो तेव्हा खिडकीची काच थरथरते. माय नवीन आली तेव्हा प्रत्येक सुरुंगाला म्हणायची, आभाळ गडगडून राह्यलं, वाळवण आत घे. मी म्हणायची, घेतलं माय. वाळवण कुठलं नि काय. माझा नवरा सुधाकर कारखान्यात आहे, पाळ्या असतात त्याच्या. मी शाळेत मराठी शिकवते. म्हणजे दिवसभर पोरांना बोलतं करते आणि घरी येऊन मुक्या बाईसमोर बसते. कोणाला सांगावं हे? शेजारीण म्हणाली, म्हाताऱ्या माणसांचा हट्ट असतो. मला तिच्या तोंडात मारावंसं वाटलं.

मलाही आधी हट्टच वाटला होता, हे खरं आहे. रुसवा वाटला. काही चुकलं का माझं, असं विचारून विचारून मी थकले. माय, जेव ना. माय, एक घास. ती अंथरुणावरून उठून कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या बेचक्यात जाऊन बसायला लागली होती. मी काढायची, ती परत जायची. आणि बाजाराच्या दोन दिवस आधी, खिडकीतून पावसाचा ओला वास आला तेव्हा, भरलेलं ताट हातात घेऊन मी दारात उभी होते, आणि एकदम मला ती दिसली. पाठ कपाटाला लावलेली. पाय जवळ ओढलेले. पदराचं टोक दातांत.

ताट माझ्या हातून पडलं नाही, पण ठेवावं लागलं. ती रुसलेली नव्हती, हट्टाला पेटलेली नव्हती. ती वाट चुकली होती. तिच्या लेखी ती जंगलात होती, भादव्यातल्या, भरल्या ओढ्यांच्या. आणि मी रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ तिच्या लेकीच्या आवाजात तिला हाका मारत होते आणि हातानं घास पुढं करत होते. माय, मी सुनंदा. माय, ओळखलं का? याहून वाईट मला काही करता आलं नसतं. मी जितकं म्हणत होते की मी सुनंदा आहे, तितकी ती घाबरत होती. आपल्या माणसाचा आवाज, आपलं नाव, आणि वर रडणं.

मी सुधाकरला हे सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग डॉक्टरांना सांग. काय सांगू डॉक्टरांना? चकवा लागला म्हणून? तो काही वाईट माणूस नाही, पण त्याच्या मायनं त्याला जंगलात नेलं नाही कधी.

त्या दिवशी मी दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि मायच्या सगळ्या शिव्या काढल्या. चपलेच्या, बापाच्या, खानदानाच्या. एकदा तिनं तसंच केलं होतं ना, मग मी का नाही? वर्गात व्याकरण शिकवणारी बाई बंद खोलीत म्हातारीला शिव्या देत होती, आणि शिव्या देता देता रडत होती. ती पदर चावत भिंतीत आणखी शिरली. चपलेची गोष्ट तिला आठवत नव्हती. मी देत होते त्या तिच्याच शिव्या होत्या, पण तिच्या तोंडून पडायच्या तशा नव्हत्या पडत. माझ्या तोंडी त्या पाठ केल्यासारख्या वाटल्या, मलाही.

तर शुक्रवारी सात्या घेऊन घरी आले. त्या धुवायला बसले. बुडाची माती नखानं खरवडून काढायची, पाण्यातून अलगद काढायच्या, चिरायच्या नाहीत, हातानं चिरफळ्या करायच्या. हाताला तो वास. कांदा, लसूण, तिखट, जवसाचं तेल. भाजी शिजत आली तसा सगळ्या घरात जंगल झालं. आणि मला काय सुचलं माहीत नाही, मी चुलीपाशी उभी राहूनच हळू कूऽऽ केलं.

खोलीत काही हललं. मी दारापाशी गेले. मायनं मान वर केली होती. माझ्याकडं नाही, खिडकीकडं. पदर तोंडातून सुटला होता. आणि तिनं, गेल्या कितीक दिवसांत ज्या तोंडातून आवाज निघाला नव्हता त्या तोंडातून, खिडकीकडं बघून उत्तर दिलं, अगदी बारीक. कूऽ.

मी घरातून पळत बाहेर गेले. मागच्या अंगणात, तिच्या खिडकीखाली. पाऊस भुरभुरत होता. शेजारीण कपडे काढत होती, ती बघत राहिली. बघू दे. मी कूऽऽ केलं, मोठ्यानं. आतून कूऽऽ आलं, मघापेक्षा मोठं. मी पुन्हा केलं, ती पुन्हा. काय सांगू कसं वाटलं. ती बोलत होती माझ्याशी. नाव नाही, गाव नाही, शब्दसुद्धा नाही, पण ती मला म्हणत होती मी इथी आहो, आणि मी तिला म्हणत होते मी आली. मी भिजत होते आणि हसत होते. मग मला राहवलं नाही. मी धावत आत गेले, ओल्या पायांनी, थेट खोलीत. आणि तिनं मला पाहून पदर परत दातांत धरला.

मी पुन्हा बाहेर गेले. खिडकीखालून हाक दिली, उत्तर आलं. आत आले, तोंड बंद. किती वेळा मी हे केलं असेल, मला लाज वाटते सांगायला. बाहेर असले की मी तिची लेक होते, आत आले की कोणीच नाही. ती माझी वाट बघत होती आणि मी तिच्यासमोर उभी होते, आणि या दोन गोष्टींची गाठ पडत नव्हती. उद्याची नळी डोळ्यांपुढं आली. मी हात टेकले.

मी स्वयंपाकघरात जाऊन एका ताटात भात घेतला, त्यावर सात्यांची भाजी वाढली. तिच्यासाठी नाही. मला भूक लागली होती, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. खोलीत आले, तिला हाक मारली नाही, तिच्याकडं बघितलंही नाही. बेचक्याच्या तोंडाशी भिंतीला पाठ लावून खाली बसले, ताट मधे ठेवलं आणि खायला लागले. केस ओले, डोळ्यांतून पाणी चाललेलं, नाक गळतं आहे, आणि मी भाताचे गोळे गिळते आहे. सात्यांना चव होती की नाही, मला आठवत नाही.

बराच वेळ ती बघत होती. मग हळूच पदर काढून तिनं विचारलं,

"तुयीबी वाट चुकली का बाई?"

मी मान हलवली. म्हटलं, "हो. चुकली."

"येकटीच आली काऊन?"

"मायसंगं आली होती," मी म्हटलं. "माय दिसून नाई राह्यली."

ती सरकली. बेचक्यातून बाहेर आली आणि माझ्या शेजारी येऊन टेकली, खांद्याला खांदा लावून. पोरी, भेव नोको, असं काहीसं पुटपुटली. माझ्या ओल्या केसांवरून तिनं पदर फिरवला. मग तिची नजर ताटावर गेली. वाट चुकलेल्या बाईच्या पदरची शिदोरी होती ती, नाव घेऊन बोलावणाऱ्याची नव्हती. तिनं हात पुढं केला, सात्यांचा एक तुकडा उचलला, वास घेतला आणि खाल्ला. मग भात. मग पुन्हा. मी श्वास रोखून बसले. हललं तर उडून जाईल, असं वाटत होतं. शनिवारचं, नळीचं, सगळ्याचं ओझं माझ्या छातीवरून उतरत होतं, आणि तरी मला हमसून हमसून रडायचं होतं. ती जेवत होती, पण माझ्या हातचं नव्हती जेवत.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. सुधाकरची पाळी सुटली होती. त्यानं नेहमीसारखी दारातूनच हाक मारली, सुनंदाऽ.

मायचा भातानं भरलेला हात माझ्या तोंडावर गच्च बसला.

"ओ देऊ नोको," ती माझ्या कानाशी म्हणाली. "थो चकवा आहे. माह्या पोरीचं नाव घेऊन राह्यला. सुनंदा माही पोरगी. आतापरेंत बाहीर कू करत होती, मले न्याले येऊन राह्यली."

पुढच्या खोलीतून पुन्हा हाक आली. सुनंदा, अगं आहेस कुठं? मायनं हात आणखी दाबला. तिच्या बोटांना जवसाच्या तेलाचा वास होता. मी हूं की चूं केलं नाही. सुधाकर स्वयंपाकघरात गेला, तिथूनही त्यानं नाव घेतलं, आणि मग गप्प झाला.

माय कान देऊन ऐकत होती. मग तिच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं, जे मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"पाह्य," ती म्हणाली. "माह्या पोरीनं ओ नाई देल्ली."